फी माफ झाली, तरी खर्च उरतो : घरातलं पहिलं लेकरू कॉलेजात पाठवताना

ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात निघालंय, त्या घरासाठी हे लिहिते आहे. मी एका तालुक्याच्या कॉलेजात बरीच वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. जुलैपासून डिसेंबरपर्यंत टेबलासमोर रांग असते आणि त्या रांगेत दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘हे आधी कुणी सांगितलंच नाही.’

जुलै २०२४ मध्ये मुलींच्या शंभर टक्के फी-माफीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा एक वडील लेकीला घेऊन आले होते. हातात फीची पावती होती. ‘मुलींचं शिक्षण मोफत झालं ना, मग हे अठरा हजार कशाचे?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. मी पावतीवरच्या ओळी एकेक करून वाचून दाखवल्या. माफ झालं होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, अनामत, जिमखाना, ग्रंथालय, ओळखपत्र हे सगळं तसंच होतं. खोली आणि मेस तर पावतीवर नव्हतीच, ती पुढे दर महिन्याला येणार होती.

कॉलेजशिक्षण मोफत असावं का, असं मला कुणी विचारलं तर मी हो म्हणते, आणि त्यात जेवणाची ताटली आणि झोपायची कॉट धरते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पहिलं बोर्डिंग १९०१ साली सुरू केलं. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांनी केला तो १९१७ साली. म्हणजे खेड्यातल्या पोराच्या मुक्कामाची सोय फी-माफीच्या सोळा वर्षं आधी झाली. पोराला शाळेपासून लांब काय ठेवतं, हे त्यांना नेमकं दिसलं होतं. आज आपण फीच्या आकड्यावर भांडतो आणि मुलं खोलीभाड्यापायी गळतात.

हे बदलायचं तेव्हा बदलेल. तोपर्यंत आज जे मिळू शकतं ते पदरात कसं पाडायचं, ते सांगते.

आधी वहीत खर्च मांडा

फॉर्म भरायच्या आधी एक पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे कॉलेजला द्यायचे पैसे, उजवीकडे जगायला लागणारे पैसे. डावी बाजू कॉलेजच्या संकेतस्थळावर किंवा कार्यालयात मिळते. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती जाहीर असते. कॉलेजनं त्याहून जास्त मागितली तर लेखी मागा. डोनेशन किंवा कॅपिटेशन फी घेण्यावर राज्यात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

उजवी बाजू कुणी छापून देत नाही. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीनं मागच्या वर्षी मला तिचा हिशेब दाखवला. कॉट बेसिसवर खोली ३,०००, दोन वेळची मेस ३,२००, बसपास आणि मोबाइल ८००, झेरॉक्स-वह्या-औषधं ५००. महिन्याला ७,५०० झाले. दहा महिने धरले तरी वर्षाला ७५,०००. तिची शिक्षण फी पूर्ण माफ होती. चार वर्षांचे तीन लाख तरीही उभे करायचेच होते. घरच्यांनी हा आकडा पहिल्यांदा लिहून पाहिला तो दुसऱ्या वर्षी, तोवर सावकाराचे चाळीस हजार झाले होते.

कुठलं कॉलेज, कुठली तुकडी

एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत दोन प्रकारच्या तुकड्या असतात, हे नव्या माणसाला ठाऊक नसतं. अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे बीए, बीकॉम, बीएस्सीची फी काही हजारांत राहते. विनाअनुदानित तुकडीत सगळा खर्च विद्यार्थ्याच्या फीतून निघतो. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीबीए, बीसीए हे बहुतेक ठिकाणी या दुसऱ्या प्रकारात येतात. म्हणून अर्ज घेताना काउंटरवर एकच प्रश्न विचारा : ‘ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित?’ उत्तर तोंडी नको, माहितीपत्रकात दाखवा म्हणावं.

बीबीए-बीसीएबाबत आणखी एक. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि त्यांना सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, लागू झाली. काही कॉलेजांनी सीईटी टाळण्यासाठी अभ्यासक्रमाचं नावच बदललं. नाव बदललेल्या कोर्सला व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिष्यवृत्ती लागू होते का, हे प्रवेशाआधी विचारून घ्या. प्रवेश झाल्यावर हा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलांना मला फार वेळा ‘नाही’ म्हणावं लागलंय.

अभियांत्रिकीचा खर्च एवढा का, असं पालक विचारतात. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी जागा इतक्या थोड्या होत्या की आपली मुलं कर्नाटकात जायची. जागा वाढल्या, आणि त्यांचा खर्च घरांवर आला. सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण असतील तर आवडीच्या शाखेसाठी हट्ट धरण्याआधी दोन्ही पावत्या शेजारी ठेवून पाहा.

दाखले अकरावीतच

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, म्हणून इथे जरा थांबते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करता येतो, तलाठ्याचा चौकशी अहवाल लागतो, नोकरदार असाल तर फॉर्म १६. जुना दाखला चालत नाही, चालू वर्षाचाच लागतो. म्हणून एप्रिल उजाडला की लगेच अर्ज टाका. जूनमध्ये सेतूसमोर गावंच्या गावं उभी असतात आणि सर्व्हर बसलेला असतो. दाखल्यावर उत्पन्न खरं तेच लिहा. एजंट ‘कमी करून देतो’ म्हणतात, पण बँकेत, रेशनकार्डावर आणि दाखल्यावर तीन वेगळे आकडे निघाले की अर्ज परत येतो आणि सही मात्र तुमच्या वडिलांची असते.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, वैधता जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल तर वैधता लागतेच. विज्ञान शाखेत असाल तर अकरावी-बारावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज करता येतो. तो करा. समिती आजोबा-पणजोबांच्या नोंदी मागते : शाळेचा दाखला, गावनमुना चौदा म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुकातली नोंद. या नोंदी काढायला वडिलांच्या मूळ गावाकडच्या तहसीलमध्ये दोन-तीन चकरा होतात. घरात काकाची किंवा चुलत बहिणीची वैधता आधी झालेली असेल तर त्याची प्रत जोडा, काम बरंच हलकं होतं. वैधता आली नाही म्हणून राखीव जागा गेली आणि मुलगा खुल्या जागेच्या फीत अडकला, असं माझ्या डोळ्यांसमोर झालंय. त्याचे गुण चांगले होते. कमी पडला तो पणजोबांच्या शाळेचा एक कागद.

ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास यांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, लागतं. शिवाय अधिवास दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आईला-वडिलांना शेजारी बसवून तपासा. आधारवर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव वेगळं असेल तर आधार दुरुस्त करून घ्या, बोर्डाची गुणपत्रिका दुरुस्त करणं फार जिकिरीचं आहे.

कॅपमधूनच प्रवेश घ्या

अभियांत्रिकी, फार्मसी, एमबीए, कृषी अशा अभ्यासक्रमांना सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया असते, तिलाच मुलं कॅप म्हणतात. फी-माफीच्या बहुतेक योजना कॅपमधून मिळालेल्या जागेलाच लागू होतात. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती गेली. अभिमत विद्यापीठं आणि खासगी विद्यापीठंही यातल्या बहुतेक योजनांच्या बाहेर आहेत. तिथले लोक फोन करकरून बोलावतात, ‘सीट लॉक करा, शिष्यवृत्तीचं आम्ही बघतो’ म्हणतात. ती त्यांची स्वतःची सवलत असते, पहिल्या वर्षापुरतीही असू शकते. सरकारी योजनेशी तिची गल्लत करू नका.

विकल्प, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरताना शेवटी ‘टी’ अक्षर असलेले कोड दिसतात. ती ट्यूशन फी वेव्हर योजनेची जागा. प्रत्येक अभ्यासक्रमात मंजूर जागांच्या पाच टक्के एवढ्या या जादा जागा असतात, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुणालाही, कुठल्याही जातीच्या मुलाला गुणांवर मिळतात आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ होतं. गुण बरे असतील तर हे कोड यादीत वर ठेवा. खुल्या गटातल्या मुलांसाठी तर याहून चांगला मार्ग दुसरा नाही, आणि तरी निम्म्या मुलांना त्या ‘टी’चा अर्थ माहीत नसतो.

कुणाला काय मिळतं

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना, घरचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : फी आणि वर निर्वाह भत्ता. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीची भरपाई मिळते, भत्ता नाही. विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गाच्या मुलांना शिक्षण शुल्काची पूर्ण, ओबीसी मुलांना निम्मी प्रतिपूर्ती. खुल्या गटातल्या आठ लाखांच्या आतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण आणि परीक्षा शुल्क, तेही घरातल्या दोनच मुलांना. मुलींसाठी मात्र २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटांत, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, निम्म्याचं पूर्ण झालं.

याशिवाय तांत्रिक पदवी-पदविकेच्या पहिल्या वर्षातल्या मुलींना एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये. बारावीला बोर्डात वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये आलेल्यांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२,०००. या दोन्हींचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतात. बीए-बीकॉमच्या मुलांना वाटतं शिष्यवृत्ती इंजिनिअरिंगवाल्यांची असते. हे १२,००० त्यांच्यासाठीही आहेत, आणि अनुदानित तुकडीची वर्षाची फी त्यातून सहज निघते. फक्त एका वेळी दोन योजनांचा लाभ घेता येतो का, ते त्या त्या योजनेच्या नियमात वाचा.

महाडीबीटीचा अर्ज

राज्याच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, ओटीपी त्याच्यावरच येतो. वडिलांचा नंबर जोडलेला असेल आणि वडील ऊसतोडीला गेलेले असतील तर अख्खं काम फोनवर चालतं, म्हणून स्वतःचा नंबर आधी जोडून घ्या.

अर्ज सबमिट केला म्हणजे झालं, असं नसतं. तो आमच्याकडे म्हणजे कॉलेजच्या लिपिकाकडे येतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे. कुठेही चूक दिसली की तो ‘सेंड बॅक’ होतो आणि तुमच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून पाहा. एसएमएस येतोच असं नाही. मंजुरीनंतर व्हाउचर तयार होतं आणि ते तुम्हालाच ‘रिडीम’ करावं लागतं. रिडीम न केलेली व्हाउचरं पाहिली की माझा जीव तुटतो. मंजूर झालेले पैसे, एका क्लिकवाचून अडकलेले. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा करायचा असतो, आपोआप काहीच होत नाही.

पैसे कुठे येतात? अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही. तुमच्या आधारशी जे खातं शेवटी जोडलं गेलं त्या खात्यात येतात. सिमकार्ड घेताना दुकानदारानं उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं तुम्ही विसरलेले असता, आधार मात्र विसरलेलं नसतं. कुठल्या बँकेला आधार जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, ते पाहा आणि हवं ते खातं जोडून घ्या. केवायसी अर्धवट असलेल्या छोट्या खात्यात ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, तेव्हा बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करा.

आलेल्या पैशात कॉलेजचा वाटा असतो. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस टक्के वेगवेगळ्या वेळी जमा होतात, त्यामुळे हिशेब गोंधळतो. घरात दुखणं असतं, पेरणी असते, पैसे खर्च होऊन जातात. मी कुणाला दोष देत नाही. पण जमा झालेल्या दिवशीच कॉलेजचा भाग बाजूला काढलेला बरा, नाहीतर शेवटच्या वर्षी गुणपत्रिका मागायला आल्यावर तीन वर्षांची थकबाकी समोर येते.

प्रवेशाच्या वेळी योजनेला पात्र विद्यार्थ्याकडून माफ असलेली फी आगाऊ घेऊ नये, अशा सरकारच्या सूचना आहेत. तरी कुणी मागितली तर भांडू नका, ‘हे मला लेखी द्या’ एवढंच म्हणा आणि अर्ज घेऊन तंत्रशिक्षण किंवा उच्चशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात जा. मी स्वतः शिकत होते तेव्हा आईनं गळ्यातलं गहाण टाकून अशी फी भरली होती. ती परत मागता येते हेच आम्हाला माहीत नव्हतं.

खोली आणि जेवण

पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्याची जागा पुढे संस्थांनी घेतली. पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून गावाकडच्या मुलामुलींना अगदी कमी खर्चात ठेवून घेते. तिथे अर्ज, मुलाखत आणि घरच्या परिस्थितीची पाहणी असते. निकालाच्या आसपासच अर्ज निघतात, म्हणून कॉलेजच्या प्रवेशाची वाट पाहू नका.

सरकारी वसतिगृहं समाजकल्याणची, आदिवासी विभागाची, इतर मागास विभागाची अशी वेगवेगळी आहेत. राहणं-जेवण मोफत, जागा थोड्या, निवड गुणांवर. इथे नंबर लागला नाही तरी अर्ज केलेला असणं महत्त्वाचं, कारण पुढची मदत त्यावर उभी आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, लहान ठिकाणी त्याहून कमी. आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम्, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि खुल्या गटातल्या आठ लाखांच्या आतल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. वर ज्या मुलीचे ७५,००० लिहिले, तिला स्वाधारचे ६०,००० मिळाले असते. तिनं वसतिगृहाचा अर्जच केला नव्हता.

पैसे उशिरा येतात, हे मात्र गृहीत धरा. भत्ता हाती पडेपर्यंत सेमिस्टर संपलेलं असतं. पहिल्या चार-पाच महिन्यांची सोय घरातूनच लागते.

कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ आहे का विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली ही रीत आज विद्यापीठांत त्यांच्याच नावानं चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासावर काम असतं. त्यातून मेसचं बिल पूर्ण भागत नाही, पण रोख हातात येते आणि काम कॉलेजच्या आवारातच असल्यानं तास बुडत नाहीत. रात्रीच्या डिलिव्हरीपेक्षा मी हेच सुचवते. पहिल्या सेमिस्टरला रात्री गाडीवर फिरलेली मुलं सकाळच्या प्रॅक्टिकलला दिसत नाहीत.

कर्ज घ्यायचंच असेल तर

सगळ्या माफ्या, भत्ते वजा करून जी रक्कम उरते तेवढंच कर्ज घ्या. चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही आणि तुमच्या पदरचा हिस्साही मागत नाही. साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, कारण सरकारची पतहमी असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक नामांकित संस्थांच्या विद्यार्थ्यांना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असून व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर शिक्षणकाळातल्या पूर्ण व्याजाचं अनुदान मिळू शकतं, अर्ज करतानाच बँकेला त्याबद्दल विचारा. गोव्यातल्या मुलांना त्यांच्या राज्याच्या शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, ते आधी पाहावं.

अनुदान मिळत नसेल तर हे गणित करून बघा. चार वर्षांत दरवर्षी एक लाख उचलले आणि व्याज दहा टक्के धरलं. शिकत असताना व्याज भरलं नाही तर शिक्षणाची चार वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष मिळून १,४०,००० रुपये सरळव्याजच साचतं. फेड सुरू होताना देणं ५,४०,००० असतं आणि सात वर्षांसाठी हप्ता जवळपास ९,००० येतो. तेच व्याज दर महिन्याला भरत गेलात, तर पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये पडतात, चौथ्या वर्षी ३,३३३. मग हप्ता सुमारे ६,६४० वर येतो. पहिल्या वर्षाचे ८३३ तरी भरायचा प्रयत्न करा, कमवा-शिकातून ते निघू शकतात.

बँकेचा माणूस ‘आमच्या शाखेत एज्युकेशन लोन होत नाही’ म्हणाला तर नकाराचं कारण लेखी मागा, आणि अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरूनच करा. तिथे त्याची नोंद राहते.

कॉलेज बदलताना आणि सोडताना

पुढच्या फेरीत चांगलं कॉलेज मिळालं, तर आधीच्या कॉलेजची फी बुडाली असं समजू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत नव्वद टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांत ऐंशी टक्के, तीस दिवसांत पन्नास, त्यापुढे काही नाही. कॅपमधल्या प्रवेशांना सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतला नियम पाहा. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही, पडताळणी झाली की ती परत घ्या.

आणि पहिल्या दिवशीच्या पावतीत जी अनामत रक्कम लिहिलेली असते, ती शेवटच्या वर्षी तुमची तुम्हाला परत मिळते. त्यासाठी ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वसतिगृहाचं ना-हरकत घेऊन मूळ पावतीसह अर्ज करावा लागतो. आमच्या कपाटात दरवर्षी ही रक्कम न मागितलेली पडून राहते. पावती प्लास्टिकच्या पाकिटात घालून आईच्या ट्रंकेत ठेवा.